अंधाऱ्या खोलीतला खकाणा

धर्मराज सिदनाळे बेळगावात अनगोळला आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आला तेव्हा तो नेमकं काय काम करतो हे कुणालाच कळत नव्हतं, आणि आमच्या गल्लीत एखादी गोष्ट कळली नाही म्हणून कुणी स्वस्थ बसत नाही. सकाळी सायकलवर टांग टाकून तो उद्यमबागेकडं जायचा. उद्यमबागेतनं माणूस कसा परततो ते गल्लीला पाठ होतं. फौंड्रीतला काळा होऊन येतो, लेथवरचा तेलकट होऊन येतो. धर्मराज गेला तसाच परत यायचा. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेला भांग, सगळं जागच्या जागी. नखं तेवढी पिवळट तपकिरी. समोरच्या जयाबाईनं त्या नखांवरून निदान केलं, "लोनच्याच्या कारखान्यात असनार."

शेवटी तिनंच त्याला चावडीवर धरल्यासारखं दारात धरलं.

"काय करतासा वो तुमी?"

"इमानातनं फोटो काढत्यात, ते मी धुतो."

"कशाचं फोटो?"

"जमिनीचं."

"जमीन काय पळून चाललीया व्हय, इमानातनं फोटो काढाय?"

धर्मराज हसला आणि आत गेला. जयाबाईनं त्याच संध्याकाळी गल्लीला सांगितलं की माणूस चांगला आहे, पण खरं बोलत नाही.

खरं तर तो खरंच बोलत होता. पण ते समजायला थोडं निपाणीपर्यंत मागं जावं लागेल.

निपाणीत धर्मराजचं लहानपण गेलं ते तंबाखूच्या वासात. गावाला दुसरा वासच नाही. एसटीतल्या परक्या माणसाला आधी शिंका येतात, मग निपाणीची पाटी दिसते. बाप लवकर गेलेला. आई शेवंताबाई वखारीत तंबाखू चाळायला जायची. वखार म्हणजे दारं-खिडक्या लोटून घेतलेली लांबलचक कोठी, आत ओळीनं बसलेल्या बाया आणि त्यांच्या हातात चाळणी. चाळणी हलल्या की बारीक, तिखट धुरळा उठतो, तो खकाणा. तो डोळ्यांत जातो, घशात जातो, भाकरी बांधलेल्या फडक्यातसुद्धा जातो. शेवंताबाई नाकातोंडाला पदर गुंडाळून दिवसभर चाळायची, आणि घरी येऊन पदर झटकायची तेव्हा दारातली कोंबडी शिंकायची, असं धर्मराज सांगायचा. कोंबडी शिंकते का, हे आम्ही कधी विचारलं नाही. सांगणारा रंगात आला की असलं काही विचारू नये.

मॅट्रिक झाल्यावर तो स्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत लागला. मालक पुढं बसून लोकांना "मान वर करा, हसू नका" असं सांगायचा आणि धर्मराज मागच्या डार्करूममध्ये फिल्म धुवायचा. तिथला अंधार म्हणजे खरा अंधार, स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही असला. मग घड्याळ कुठलं दिसणार? फिल्म औषधात किती वेळ ठेवायची ते ज्याचं त्यानं आपल्या युक्तीनं ठरवायचं. कुणी मनातल्या मनात आकडे मोजतं, कुणी गाणं गुणगुणतं. धर्मराज तंबाखू मळायचा. डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, नखभर चुना, आणि वरनं उजवा अंगठा. मळता मळता पानाची खरखर जाते, अंगठ्याखाली ते मऊ होत येतं. तिथं तळव्यावर एक थाप मारायची, वरचा खकाणा उडून जातो. पुन्हा मळायचं, पुन्हा थाप. दुसऱ्या थापेला फिल्म औषधातनं बाहेर. त्याच्या हातचा फोटो कधी काळवंडला नाही की कधी फिका राहिला नाही. निपाणी-चिकोडीकडची त्या सालांतली किती जोडपी या दोन थापांवर उजळून निघाली असतील, त्यांना त्याचा पत्ताही नाही. भिंतीवर हार घालून बसलीत आपली.

पंच्याहत्तर साली केंद्र सरकारच्या एका खात्यानं उद्यमबागेत एक शेड भाड्यानं घेतली आणि फिल्म धुणारा माणूस हवा म्हणून शोध सुरू केला. स्टुडिओच्या मालकानं मोठ्या मनानं धर्मराजचं नाव सुचवलं. पुढं तो बरीच वर्षं त्याबद्दल हळहळत होता.

काम असं होतं. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरनं एक विमान उडायचं. त्याच्या पोटाला रडार बांधलेलं. आपला कॅमेरा ढगाच्या वर गेला की आंधळा, पण रडारला ढगाचं काही नसतं. अंधारात वटवाघूळ ओरडतं आणि भिंतीवरनं परत आलेला आवाज ऐकून वाट काढतं, तसं रडार जमिनीवर हाक मारतं आणि परत येणारी हाक एका लांबच लांब फिल्मवर उतरवून घेतं. ही फिल्म धुतल्यावर तिच्यात ना नदी दिसते ना शेत. राख सांडून वर खराटा फिरवावा तसं काहीतरी. मग ती एका दगडी टेबलावर, भिंगांच्या रांगेत लावायची आणि तिच्यातनं लेसरचा तांबडा किरण सोडायचा. पलीकडच्या बाजूला त्या राखेतनं नदी उमटते, रस्ता उमटतो, उसाचे फड आणि माळ वेगळे दिसू लागतात. धर्मराजनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, आपण आजपर्यंत नुसती लग्नंच धुतली.

शेडवर मुख्य होत्या बाळेकुंद्री मॅडम. धारवाडात वाढलेल्या, बेंगलोरला शिकलेल्या, हातात बांगडी नाही, केसांचा घट्ट अंबाडा. मराठी बोलायच्या ती कानडी चालीत, एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखी. त्यांचा एकच हट्ट, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. औषध बदललं तर पाणी तेच, पाणी बदललं तर औषध तेच. मग बघायचं काय फरक पडतो. त्यांच्या घरी आमटीतसुद्धा एका दिवशी मीठ आणि एका दिवशी मिरची बदलत असतील, असं मष्णूचं म्हणणं. मष्णू हा खानापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, फिल्म वाळवायचं आणि शेड साफ ठेवायचं काम त्याच्याकडं. दिसायला गंभीर, आणि तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात.

नोकरी लागल्यावर धर्मराजनं पहिलं काम केलं ते आईला निपाणीहून बेळगावला आणायचं. शेवंताबाईचा दमा तोवर चांगलाच वाढला होता. बायको अंजना आणि तो, दोघं जाऊन तिला घेऊन आले. तिनं गाठोडं बांधलं, बाबासाहेबांचा फोटो पिशवीत घेतला, निघाली. पण वखारीतली आपली चाळण तिनं आणली नाही आणि कुणाला दिलीही नाही.

"आता तिकडं परत जायचं न्हाय आये," धर्मराज म्हणाला.

"आन् तुजी नोकरी गेली म्हंजे?"

"कशाला जाईल?"

"न जाईना. पर गेलीच तर माजी चाळण तिथंच हाय खुट्टीला. वखारीतल्या नागुबाईला सांगून ठेवलंय, कुनाला हात लावू दिऊ नगं."

ती चाळण निपाणीच्या खुंटीवर असली तरी धर्मराजच्या डोक्यात लटकलेली असायची. शेवंताबाई टोमणे मारायलाही कमी नव्हती. जेवल्यावर तो ओट्यावर बसून तंबाखू मळायला लागला की ती आतनं ऐकवायची, "आमी जनमभर फुकटात खाल्ली, नाकानं. माजा ल्योक इकत घिऊन खातोय. प्रगती झाली घराची."

धर्मराज ओशाळं हसायचा आणि थाप मारायचा.

शेडमध्ये तंबाखूला बंदी होती. थुंकायलाही, खायलाही. पण डार्करूममध्ये कोण बघतंय? मॅडमनी तिथं घंटी वाजणारं घड्याळ दिलं होतं, दोन थापांची काही गरज नव्हती. तरी फिल्म औषधात सोडली आणि अंधार अंगावर आला की धर्मराजचा हात आपोआप खिशातल्या चंचीकडं जायचा. चुना लागायचा, अंगठा फिरायचा, थाप पडायची. वर त्याला याचा अभिमान. घंटी आणि त्याची दुसरी थाप बरोबर एकाच वेळी पडते, घड्याळ बघा कसं माझ्यावर चालतंय, असं तो मनात म्हणायचा. सांगणार कुणाला?

सुरुवातीला धुतलेली फिल्म बेंगलोरला जायची आणि लेसरचं काम तिकडं व्हायचं. तिकडनं तक्रार यायची की फिल्मवर डाग आहेत. इकडचे लोक सगळं खापर रेल्वेच्या धुळीवर फोडायचे. सत्त्याहत्तर साली ते दगडी टेबल बेळगावलाच आलं, आणि खापर फोडायला रेल्वे राहिली नाही.

टेबलाची परीक्षा घ्यायला निपाणीबाहेरच्या माळावर पत्र्याचे कोपरे मांडले होते. खोलीचा कोपरा जसा असतो तसे तीन पत्रे जोडून केलेले. रडारची हाक त्यांच्यावरनं जशीच्या तशी परत फिरते, त्यामुळं चित्रात ते टाचणीच्या टोकासारखे लख्ख दिसायला पाहिजेत. माळावरच्या मेंढक्यांनी त्यातल्या एकाच्या सावलीत झोपायची सोय करून घेतली होती, त्याला सरकारचीही हरकत नव्हती. विमान जाऊन आलं, धर्मराजनं फिल्म धुतली, मष्णूनं वाळवली. साध्या दिव्यासमोर धरली तर आरशासारखी स्वच्छ. लेसर सोडला आणि पडद्यावर जे दिसलं ते बघून मॅडमच्या हातातली पेन्सिल थांबली. विहिरीत मूठभर खडे टाकावेत आणि प्रत्येक खड्याभोवती पाण्याच्या कड्यांवर कड्या उठाव्यात, तसं सगळं चित्र कड्यांनी भरलेलं. पत्र्याचे कोपरे कुठं होते ते शोधूनही सापडेनात.

"धूळ," मॅडम म्हणाल्या. "साध्या उजेडात दिसत नाही एवढी. लेसर लपवत नाही. एकेका कणाभोवती कडी काढून दाखवतो."

बेंगलोरच्या मोठ्या कचेरीतनं फोन आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शेड फौंड्र्यांच्या मध्ये आहे, धूळ तर येणारच. दिवाळीपर्यंत कारण सापडून बंदोबस्त झाला तर ठीक, नाहीतर टेबल बेंगलोरला हलवू. टेबल गेलं की शेड गेली, आणि शेडबरोबर धर्मराज आणि मष्णू. त्या दिवशी धर्मराज घरी सायकल हातात धरून चालत आला. चेन तुटली म्हणाला. चेन धडधाकट होती, जयाबाईनं वाकून पाहिली.

"तुमचं त्ये लोनचं नासलं काय वो?" तिनं विचारलं. तोवर तिला सगळं माहीत झालं होतं, पण थट्टा सोडवत नाही.

दुसऱ्या दिवसापासनं शोध सुरू झाला. मष्णूनं दारांच्या फटीत कापूस कोंबला. मॅडमनी फिल्मवरचा एक कण सुईनं उचलून लोहचुंबकाजवळ नेला. कण हलला नाही.

"फौंड्रीचा नाही," त्या म्हणाल्या. मग कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, बराच वेळ पाहिला. "कसला तरी पाला आहे. वाळलेला. शीर दिसते बारीक. मागं झाडं आहेत ना, त्यातला असणार. बघा तुम्ही पण."

धर्मराजनं डोळा लावला. तपकिरी कपचा, एका कडेला तुटलेला, मधोमध फिकट शीर. निपाणीत वाढलेल्या माणसाला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. हाच कपचा आईच्या केसांत, आईच्या पदरात, झोपताना उशाच्या वाकळेत त्यानं जन्मभर पाहिला होता. फक्त इतका मोठा कधी पाहिला नव्हता.

"दिसला?" मॅडमनी विचारलं.

"दिसला," धर्मराज म्हणाला, आणि बाजूला झाला. खिशातली चंची त्याला एकदम विटेएवढी जड वाटायला लागली.

बोलायला पाहिजे होतं. पण बोललं तर काय? बंदी असताना दोन वर्षं आत तंबाखू मळली, सरकारची फिल्म नासवली, वर रेल्वेला शिव्या दिल्या. नोकरी जागच्या जागी गेली असती. आणि खुंटीवरची चाळण खाली आली असती. त्यानं मनाशी ठरवलं, सांगायचं काही नाही, सोडून द्यायची. सोडली की धूळ जाईल, धूळ गेली की टेबल राहील, टेबल राहिलं की सगळं राहील. गणित सोपं होतं.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, "आजपासनं सोडली."

शेवंताबाईनं त्याला वरपासनं खालपर्यंत पाहिलं. "बरं वाटतंय न्हवं तुला?"

"शबूद दिला म्हन तुला."

गल्लीत ही बातमी भाजीवालीच्या आधी पोचली. निपाणीचा माणूस तंबाखू सोडतो म्हणजे काय? कुणी म्हणालं डॉक्टरनं काहीतरी वाईट सांगितलंय. कुणी म्हणालं सरकारी नोकरीत बढतीची अट असते तसली. जयाबाई अंजनाला दारात गाठून हळूच म्हणाली, "घरात काय भांडन-बिंडन?" अंजना म्हणाली, "मलाबी ठावं न्हाई. पर शेंगदानं लई संपायलेत." कारण धर्मराज तोंडाला चाळा म्हणून दिवसभर शेंगदाणे चघळायचा, आणि जेवल्यावर ओट्यावर बसला की त्याचा अंगठा मोकळ्याच तळव्यावर फिरत राहायचा. मग एकदम लक्षात आलं की तो हात मांडीखाली घेऊन बसायचा. शाळेतलं पोर बसवावं तसा.

इकडं मॅडमनी मागच्या झाडांच्या बाजूच्या खिडक्या बंद करून त्यांना ओली गोणपाटं लावली. पुढची फिल्म आली. लेसर सोडला. एकसुद्धा कडी नाही. निपाणीचा माळ स्वच्छ उमटला आणि त्याच्यावर पत्र्याचे कोपरे ओळीनं टाचणीसारखे लख्ख. मष्णूनं गोणपाटाला नमस्कार केला. धर्मराजनं मनात म्हटलं, सुटलो.

पण मॅडम खूश दिसेनात. त्या म्हणाल्या, "गोणपाट काढा."

"का वो मॅडम?" मष्णू म्हणाला. "चांगलं चाललंय की."

"गोणपाटामुळं धूळ थांबली असेल तर गोणपाट काढल्यावर ती परत यायला पाहिजे. तेव्हा खरं."

गोणपाट काढलं. पुढची फिल्म स्वच्छ. खिडक्या उघडल्या. स्वच्छ. मॅडमनी फटीतला कापूस काढायला लावला, मष्णूनं कुरकुरत काढला. तरी स्वच्छ. जसजशी फिल्म स्वच्छ येईल तसतसा मॅडमचा चेहरा उतरत गेला. असं चांगलं काम बघून तोंड वाईट करणारं माणूस मष्णू पहिल्यांदाच पाहत होता.

"नोडी," त्या कानडीत म्हणाल्या, म्हणजे हे बघा, "काय गेल्यामुळं ती गेली ते मला माहीत नाही. मग उद्या ती परत आली तर मी काय काढू? बेंगलोरवाले कारण विचारणार. मी काय सांगू, आपोआप गेली? आपोआप गेलेल्यावर ते टेबल इथं ठेवणार नाहीत."

"मग?" धर्मराजनं विचारलं.

"मग टेबल जाईल."

म्हणजे धर्मराजचं सोपं गणित उलटं पडलं होतं. गप्प राहिल्यानं काही वाचत नव्हतं. त्या दिवशी दुपारी त्यानं भाकरी तशीच परत बांधली. अंजनानं डब्यात दिलेले शेंगदाणेसुद्धा त्यानं मष्णूला देऊन टाकले. मग मॅडम कॉफी पीत बसल्या होत्या तिथं जाऊन उभा राहिला.

"मॅडम, खिडक्या उघडून काय हुनार न्हाय."

"का?"

"त्ये खिडकीतनं येतच नव्हतं."

मॅडमनी कप खाली ठेवला. "मग कुठून?"

धर्मराजनं खिशातनं रिकामी चंची काढून टेबलावर ठेवली. सोडली तरी सोबतीला बाळगत होता बिचारा. मॅडमना क्षणभर काही कळलं नाही. मष्णूला मात्र लगेच कळलं.

"धर्माण्णा," तो म्हणाला, "आत बसून खात हुतास? आन् मला सांगत हुतास, संपली म्हनून."

धर्मराजनं सगळं सांगितलं. स्टुडिओतलं मळणं, दोन थापा, घंटी, सूक्ष्मदर्शकात ओळखलेला कपचा. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला, आता ओरडा बसणार म्हणून. मॅडमनी ओरडायच्या ऐवजी खुर्ची पुढं ओढली.

"किती घेता?"

"जी?"

"तंबाखू. किती घेता? औषधाच्या टाकीपासून किती लांब उभे राहता? थाप कशी मारता, वरून की कडेनं? दाखवा."

धर्मराजनं मोकळ्या हातानं दाखवलं. मॅडमनी ते अशा बारकाईनं पाहिलं की मष्णूला पुढं महिनाभर पुरेल एवढा मसाला मिळाला.

"ठीक," त्या म्हणाल्या. "उद्या एका फिल्मचे दोन तुकडे करायचे. औषध तेच, पाणी तेच, खिडक्या आहेत तशा. एक तुकडा नुसता धुवा. दुसरा धुताना तंबाखू मळा. दोन थापा, नेहमीसारख्या."

धर्मराजनं टेबलावरची चंची मॅडमकडं सरकवली. "मॅडम, सोडलीया. आयेला शबूद दिलाय."

"खायला कोण सांगतंय? मळा आणि टाकून द्या."

आता ही शिक्षा होती की काम, ते आजतागायत ठरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मष्णू सरकारी कामासाठी तंबाखू आणायला बाजारात गेला आणि दुकानदाराला तसं सांगूनही आला. चांगली निपाणीचीच आणली, परीक्षा आहे म्हटल्यावर माल हलका नको. धर्मराजनं पहिला तुकडा नुसता धुतला. दुसरा औषधात सोडला, अंधारात चंची उघडली आणि तो वास नाकात शिरला. चिमूट घेतली, चुना लावला. इतके दिवस उपाशी राहिलेला अंगठा असा फिरायला लागला की थांबवता थांबेना. मऊ झाली. थाप. पुन्हा मळली. थाप. घंटी वाजली. तळव्यावर तयार झालेली, लोण्यासारखी तंबाखू, आणि ओठ आपोआप पुढं आलेला. त्यानं फिल्म काढली, पुढच्या पाण्यात टाकली, सगळं नीट आवरलं, दार उघडून बाहेर आला तो मूठ आवळूनच.

"टाका," मॅडम म्हणाल्या.

"टाकायची कशाला," मष्णू म्हणाला. "मी हाय की हितं."

आणि त्यानं धर्मराजच्या तळव्यावरनं ती उचलून सरळ ओठात सोडली. धर्मराज नंतर सांगायचा की मष्णूचा राग त्याला आयुष्यात फक्त त्या एका क्षणी आला.

तुकडे वाळले. पहिला लावला, माळ स्वच्छ, पत्र्याचे कोपरे लख्ख. दुसरा लावला. कड्यांवर कड्या, विहिरीतल्या खड्यांसारख्या. मग मॅडम हसल्या. त्या शेडमध्ये कुणी त्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं मष्णू घाबरला.

"आली," त्या म्हणाल्या. "परत आली."

त्यांनी तिथल्या तिथं बेंगलोरला फोन लावला. कारण सापडलं, घालवून पाहिलं, परत आणून पाहिलं, टेबल हलवायची गरज नाही. कसली धूळ, असं पलीकडनं विचारलं असावं, कारण मॅडमनी धर्मराजकडं बघत सांगितलं, "स्थानिक."

फोन ठेवल्यावर धर्मराजनं विचारलं, "मॅडम, माजं काय?"

"काय तुमचं?"

"मला काडून टाकनार न्हवं?"

"तुम्हाला काढलं तर दुसरा येणार. तो अंधारात काय खातो ते मला माहीत नाही. तुमचं माहीत आहे."

त्या दिवसापासनं डार्करूमच्या दाराबाहेर भिंतीला एक खिळा आला. आत जाणाऱ्यानं चंची, विडी, काडेपेटी जे काही असेल ते खिळ्याला अडकवायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे, ओला अंगरखा घालायचा, मग आत. बेंगलोरनं हा नियम उचलला आणि आपल्याकडंही लावला, असं मष्णू छाती फुगवून सांगायचा. म्हणजे तिकडंही कुणीतरी काहीतरी खात असणार.

गल्लीत मात्र वेगळंच पसरलं. सरकार धर्मराजला तंबाखू मळायचा पगार देतं, असं जयाबाईनं तिच्या माहेरीसुद्धा कळवलं.

धर्मराजनं त्या खराब तुकड्याचं चित्र कागदावर उतरवून घेतलं आणि मॅडमची परवानगी काढून घरी आणलं. शेवंताबाई अंगणात तांदूळ निवडत होती. त्यानं चित्र तिच्यापुढं धरलं.

"ह्यो बग निपानीचा माळ. ह्यो कोल्लापूरचा रस्ता. हितं आपलं गाव."

"आन् ह्ये गोल गोल काय?"

"खकाना. तंबाखूचा. येक येक कन हाय त्यो."

शेवंताबाईनं सूप बाजूला ठेवलं. चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ घेतलं. धर्मराजला वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"येवड्याशा कनापायी तुजी यवडी मानसं धावली? बेंगलोरपत्तोर?"

"व्हय."

"आमच्या उरात कोठीभर गेला त्यो." तिनं एका कडीवर बोट फिरवलं. "तवा कुनी दिवा लावून बगितलं न्हाई."

तिनं चित्र परत दिलं, तांदळाकडं वळली, आणि मग दोन-चार खडे वेचून झाल्यावर सहज म्हणाली, "निपानीला कोन चाललं तर नागुबाईला सांगाय सांग. म्हनावं, चाळण दिऊन टाक ज्येला पायजे त्येला."

ते टेबल बेळगावात पुढं बरीच वर्षं राहिलं. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला ते सगळं काम कॉम्प्युटरवर व्हायला लागलं, फिल्मची गरज उरली नाही, आणि दगडी टेबल गोणपाटात गुंडाळून ट्रकवर चढलं. तोवर धर्मराज खात्यात कायम झाला होता. त्याला दुसऱ्या कचेरीत कपाटांच्या किल्ल्या सांभाळायला दिलं. उजेडात बसायची नोकरी, तो म्हणायचा, डोळे दुखतात. शेवंताबाई त्याच्या आधीच्या साली गेली. दम्यानंच गेली, पण बेळगावात, अंजनाच्या हातचा चहा पिऊन. उद्यमबागेतल्या त्या शेडमध्ये आता खिळे-मोळे बनतात. मष्णू एकदा आत जाऊन आला. डार्करूमची भिंत पाडली आहे, म्हणाला, पण बाहेरचा तो खिळा आहे, त्याच्यावर आता कामगारांचे डबे अडकवतात.

कड्यांचं ते चित्र धर्मराजच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली चौकटीत आहे. नवा पाहुणा विचारतो, हे पाण्याचे थेंब आहेत काय? तो म्हणतो, न्हाय, आमच्या आयेची वखार हाय.

तंबाखू त्यानं पुन्हा कधी खाल्ली नाही. एवढं मात्र आहे. संध्याकाळी लाइट गेली आणि गल्ली अंधारात बुडाली की आम्ही सगळे ओट्यांवर येऊन बसतो. कुणी पंखा हलवतं, जयाबाई वीजखात्याचा उद्धार करते. धर्मराजच्या ओट्यावर काहीच हालचाल नसते. थोड्या वेळानं तिकडनं तळव्यावर एक थाप ऐकू येते. आणखी जरा वेळानं दुसरी.

मग समोरनं जयाबाई अंधारातच विचारते, "धुतला काय वो फोटो, अण्णा?"

"धुतला," तो म्हणतो.